इरावतीबाईंनी मोजलेल्या कवट्या

माणसाची कवटी डावी-उजवीकडून अगदी सारखी कधीच नसते. बर्लिनचे मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांनी या साध्या शारीरिक लक्षणाला वंशश्रेष्ठत्वाची जोड दिली. युरोपीय माणूस अधिक बुद्धिमान, म्हणून त्याच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा आणि कवटी अधिक विषम, असे त्यांचे अनुमान होते. ते पडताळण्याचे काम १९२८ साली जर्मनीत गेलेल्या एका मराठी विद्यार्थिनीकडे आले. त्या इरावती कर्वे.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात जन्मलेल्या या मुलीचे नाव तेथील नदीवरून ठेवले गेले. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये, पालनपोषण रँग्लर परांजपे यांच्या घरी. पुढे मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. परदेशगमनाला सासरे महर्षी कर्वे यांचाच विरोध होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींनी तो करावा, हे नवलच! पती दिनकर मात्र पाठीशी राहिले.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. विषमता सर्वत्र होती. वंशाशी तिचा संबंध मात्र आढळला नाही. गुरूचे अनुमान खोटे ठरत होते आणि पदवी त्याच गुरूच्या हाती होती. तरीही बाईंनी प्रबंधात मोजमापांतून निघाले तेच लिहिले. १९३३ नंतर फिशर यांची संस्था नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा आधार पुरवू लागली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रबंधाचे मोल कळते. पुढील काळात चिंपांझी, गोरिला यांच्या मेंदूच्या ठशांतही अशी विषमता दिसून आली. नरवानर गणातील हे लक्षण केवळ माणसाचेदेखील नव्हते.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. सहकारी डॉ. सांकलिया यांच्यासह गुजरातमधील लांघणजच्या उत्खननात त्यांनी अश्मयुगीन मानवी सांगाडे हाताळले. सांकलियांनी १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे येथे उत्खनन केले आणि त्या गावाचे नाव एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळाले. बाईंचा ओढा मात्र जिवंत माणसांकडे राहिला. गावोगाव हिंडून त्यांनी जातीजातींची शारीरिक मोजमापे घेतली. कैलाश मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रातील एकाच दर्जाचे आठ ब्राह्मण गट शारीरिकदृष्ट्या एकसारखे नसल्याचे त्यांनी दाखवले. अर्थात, माणसे मोजून जात उलगडण्याची ही पद्धत आज शंकास्पद मानली जाते, आणि त्यात तथ्य आहे. बर्लिनमध्ये हाती आलेली मोजपट्टी बाईंनी अखेरपर्यंत खाली ठेवली नाही.

त्याच १९६८ साली ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.