बाबासाहेब आणि विजेचा हिशेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र सांगताना आपण महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे क्रमाने घेतो. १९४२ ते १९४६ ही चार वर्षे मात्र बहुधा एकाच वाक्यात आटोपली जातात. बाबासाहेब त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, एवढेच सांगून वक्ते पुढे जातात. मजूर खात्याकडेच त्या वेळी पाटबंधारे आणि वीज हे विषय होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याच वर्षांकडे वळत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव परळच्या चाळीत, एका खोलीत, पहाटे उठून रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास करी, असे चरित्रकार सांगतात. पुढे कोलंबिया आणि लंडन येथे त्यांनी अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. लंडनची एम.एस्सी. १९२१ मध्ये आणि डी.एस्सी. १९२३ मध्ये मिळाली. विजेशी त्यांचा संबंध आला तो या अर्थशास्त्राच्या वाटेने. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे जोडून दारिद्र्य हटणार नाही, जमिनीवर गरजेपेक्षा फार माणसे अवलंबून आहेत आणि त्यांना सामावून घेणारे उद्योग उभे राहिले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्या आमच्या वाडवडिलांच्या दृष्टीने या निबंधाचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांनी मजूर खात्याची सूत्रे हाती घेतली. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत सार्वजनिक बांधकाम आणि वीज यासंबंधीच्या धोरण समितीची बैठक त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, जबाबदारी प्रांतांची की केंद्राची, आणि कोणत्या व्यवस्थेत वीज स्वस्त व मुबलक मिळेल, हे प्रश्न त्यांनी तेथे मांडले. उद्योगांवाचून दारिद्र्य जाणार नाही आणि स्वस्त विजेवाचून उद्योग येणार नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. पंचवीस वर्षांपूर्वीच्या निबंधाचा धागा येथे पुन्हा दिसतो.

या धोरणामागचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांना अवघड नाही. आमचा विषय इतिहास असला तरी तो येथे मांडण्याचे धाडस करतो. विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती. २३० व्होल्टच्या दिव्यातून पाव अँपिअर धारा वाहत असेल, तर त्याचा रोध ९२० ओहम आणि शक्ती ५७.५ वॅट. आता एक लाख वॅट शक्ती दूरच्या गावी पाठवावयाची आहे आणि तारांचा एकूण रोध २ ओहम आहे, असे समजू. एक हजार व्होल्टने पाठविल्यास धारा १०० अँपिअर होते. तारेत वाया जाणारी शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजेच २०,००० वॅट. पाचवा हिस्सा तारेतच उष्णता होऊन गेला! तीच शक्ती दहा हजार व्होल्टने पाठविल्यास धारा १० अँपिअर होते आणि नुकसान केवळ २०० वॅट.

म्हणूनच उच्च दाबाच्या लांब वाहिन्या आणि मोठी केंद्रे लागतात. त्यांना भांडवल लागते, नद्यांची व मागणीची पाहणी लागते, नियोजन लागते. नफा दिसेल त्या शहरापुरती वीज पुरवणाऱ्या कंपनीकडून हे होणे कठीण होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ या गरजेतून आले. आमच्या विष्णुपुरीत गोदावरीचे पाणी खालून उपसून वरच्या शेतांकडे न्यावे लागते. पंप विजेवर चालतात, त्यामुळे वीज महागली की पाणीही महागते. पाटबंधारे आणि वीज यांचा विचार एकत्र का व्हावा, हे येथल्या मुलांना पुस्तकाशिवायही कळते.

दामोदर खोऱ्यात बाबासाहेबांनी हाच एकत्रित विचार पुढे नेला. १९४३ च्या पुराने त्या खोऱ्यात हाहाकार माजवला होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात त्यांनी संबंधित सरकारांची परिषद घेतली. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा मिळून आराखडा व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटक येथे महानदीसंबंधी परिषद झाली. या कामात अनेक अभियंत्यांचा वाटा होता आणि सारे श्रेय एकाच नावावर लिहिणे बाबासाहेबांच्या विवेकी वृत्तीशी सुसंगत ठरणार नाही. पुढे धरणांमुळे विस्थापित झालेल्यांचे, विशेषतः आदिवासींचे, दुःखही विसरता येत नाही.

यंत्रांविषयी त्यांची भूमिका त्या काळच्या अनेक नेत्यांहून निराळी होती. दोष यंत्राचा नसून त्याची फळे मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात सांगितले. यंत्राने फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून माणसाला सुसंस्कृत जीवन लाभत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या समाजातून आलेला माणूसच हे इतक्या ठामपणे सांगू शकतो, असे आम्हांस वाटते. १९४७ मध्ये त्यांनी प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी लेखी मांडली.

दामोदर खोरे महामंडळ जुलै १९४८ मध्ये अस्तित्वात आले. त्याच वर्षी वीजपुरवठा कायदा झाला. वीज खाते तेव्हा काकासाहेब गाडगीळांकडे होते, तर बाबासाहेब कायदामंत्री या नात्याने संविधानाच्या मसुद्यात गुंतले होते. संविधानाने वीज हा विषय समवर्ती सूचीत ठेवला. १९५० मध्ये औरंगाबादला त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले आणि निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातील आमच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. महानदीवरील हिराकुड धरणाचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ रोजी झाले आणि दामोदर खोऱ्यातील मैथन धरणाचे त्याच वर्षी सप्टेंबरात.