दगडांची भाषा वाचणारे जॉन म्यूर

मुलांनो, सुटीत तुम्ही कधी एखाद्या राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात गेला असाल. बोरिवलीचे उद्यान पाहिले असेल, नाहीतर ताडोबाच्या जंगलात वाघाच्या पावलांचे ठसे शोधले असतील. फाटकापाशी तिकीट काढायचे आणि आत जायचे, यात आपल्याला विशेष असे काही वाटत नाही. पण डोंगर, झाडे आणि प्राणी राखून ठेवावेत आणि त्यांचा आनंद सर्वांना घेता यावा, ही कल्पना लोकांच्या मनात आपोआप रुजलेली नाही. तिच्यासाठी काही माणसांनी आपले आयुष्य वेचले. अमेरिकेतील जॉन म्यूर हे त्यांपैकी एक होते.

जॉनचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. आठ भावंडांमध्ये तो तिसरा. वडील फार कडक स्वभावाचे होते. १८४९ साली ते कुटुंबासह अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जाऊन राहिले. तेथे जंगल साफ करून शेत तयार करायचे होते. जॉन तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा होता. पण नांगर धरण्यापासून झाडांची खोडे उपटण्यापर्यंत सारी कामे त्याच्या वाट्याला आली.

पुढे शेतावर विहीर खणायची ठरली. जमिनीखाली वालुकाश्माचा कठीण खडक होता. जॉन रोज सकाळी बादलीत बसून खाली उतरे आणि छिन्नी-हातोड्याने खडक फोडत राही. असे महिनोन् महिने चालले. एके दिवशी विहिरीच्या तळाशी साचलेल्या विषारी वायूने तो गुदमरला. वरच्या माणसांनी त्याला बादलीतून कसेबसे ओढून काढले, म्हणून त्याचा जीव वाचला. बरे वाटताच तो पुन्हा खाली उतरला. सुमारे ९० फूट खोल गेल्यावर पाणी लागले. दगडाशी त्याची ओळख झाली ती अशी!

जॉनला वाचनाची अतिशय आवड होती, पण दिवसभर कामातून सवड मिळत नसे. रात्री जागून वाचलेले वडिलांना खपत नसे. मात्र पहाटे हवे तितके लवकर उठण्याची त्यांनी परवानगी दिली. मग काय, जॉन रात्री एक वाजताच उठू लागला! त्या वेळात तो पुस्तके वाची आणि लाकडाची घड्याळे बनवी. ठरलेल्या वेळी आपोआप कलंडून झोपलेल्या माणसाला उठवणारा एक पलंगही त्याने तयार केला. या वस्तू १८६० साली मॅडिसन येथील प्रदर्शनात मांडल्या गेल्या आणि लोकांनी त्यांचे कौतुक केले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याने वनस्पतिशास्त्राचा व भूशास्त्राचा अभ्यास केला. पदवी मात्र त्याने घेतली नाही.

शिक्षण सोडल्यावर म्यूर यंत्रांच्या कामात रमले. १८६७ साली ते इंडियानापोलिस शहरात घोडागाड्यांचे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात काम करीत होते. एके दिवशी यंत्राचा पट्टा दुरुस्त करताना हातातील कानस निसटली आणि तिचे टोक त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसले. थोड्याच वेळात डाव्या डोळ्यानेही दिसेनासे झाले. कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. आपल्याला पुन्हा फुले, झाडे, डोंगर दिसतील की नाही, या विचाराने ते व्याकूळ झाले. सुदैवाने दृष्टी हळूहळू परत आली. तेव्हा त्यांनी मनाशी निश्चय केला, की परत मिळालेले हे डोळे आता निसर्ग पाहण्यासाठीच वापरायचे. त्यांनी यंत्रांचा निरोप घेतला आणि फ्लॉरिडाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत सुमारे १,६०० किलोमीटरचा प्रवास पायी केला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६८ साली, ते कॅलिफोर्निया राज्यात आले आणि सिएरा नेवाडा पर्वतातील योसेमिटी दरीत जाऊन पोहोचले.

आता तुम्हीही कल्पनेने त्यांच्याबरोबर या दरीत चला. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. जमिनीतून बाहेर आलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला, म्हणून त्याच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे थर दिसतात. योसेमिटीचे तसे नाही. तेथील खडक ग्रॅनाइटचा आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रस जमिनीच्या पोटातच हळूहळू थंड होऊन हा राखाडी, चमकदार खडक बनला आणि पुढे वर उचलला गेला. दरीच्या दोन्ही बाजूंना त्याचे उभे कडे आहेत. एल कॅपिटन नावाचा कडा दरीच्या तळापासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. हाफ डोम नावाचा डोंगर तर घुमट मधोमध कापून अर्धाच ठेवावा तसा दिसतो. वरून कोसळणारा योसेमिटी धबधबा ७३९ मीटर उंचीचा आहे.

ही दरी तयार कशी झाली असेल? त्या राज्याचे प्रमुख भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी यांचे मत असे होते, की प्रचंड उत्पात होऊन जमिनीचा एक तुकडा एकदम खाली खचला आणि दरी बनली. व्हिटनी मोठे विद्वान होते. म्यूर त्या वेळी मेंढ्या राखून आणि लाकूड कापण्याच्या गिरणीत काम करून पोट भरीत होते. तरीही त्यांना हे मत पटेना. पाठीवर थोडा पाव व चहा घेऊन ते एकटेच दिवसचे दिवस डोंगरात हिंडत. त्यांना आरशासारखे गुळगुळीत झालेले खडक दिसले. खडकांवर एकाच दिशेने गेलेले लांब ओरखडे दिसले. जवळपास कोठेही न आढळणाऱ्या दगडाच्या मोठमोठ्या शिळा उघड्या माळावर एकट्या पडलेल्या दिसल्या. एवढ्या जड शिळा तेथे कोणी आणून ठेवल्या असतील? म्यूर यांचे उत्तर होते : हिमनदीने!

हिमनदी म्हणजे डोंगरउतारावरून अतिशय मंद गतीने सरकणारी बर्फाची प्रचंड लादी. तिच्या तळाशी अडकलेले दगड कानशीसारखे काम करतात आणि खालचा खडक घासत जातात. अशाच हिमनद्यांनी ही दरी कोरली, असे म्यूर म्हणू लागले. अशिक्षित मेंढपाळ म्हणून व्हिटनी यांनी त्यांची हेटाळणी केली. म्यूर यांनी भांडण वाढवले नाही. ते पुरावा शोधत राहिले. १८७१ साली त्यांना उंच शिखरांच्या सावलीत एक जिवंत हिमनदी सापडली. १८७२ च्या ऑगस्टमध्ये मॅक्लूर नावाच्या हिमनदीत त्यांनी खुंट्या रोवल्या. ४६ दिवसांनी परत जाऊन मोजले, तेव्हा मधली एक खुंटी ४७ इंच पुढे सरकली होती. म्हणजे बर्फ दिवसाला सुमारे एक इंच चालत होता! पुढच्या संशोधकांनी म्यूर यांच्या मतात काही दुरुस्त्या केल्या. दरी कोरण्यात आधी नदीचाही मोठा वाटा होता, हे त्यांनी दाखवले. परंतु हिमनद्यांविषयीचे म्यूर यांचे मुख्य म्हणणे खरे ठरले.

डोंगर वाचता वाचता म्यूर यांना दुसरीही एक गोष्ट दिसत होती. उन्हाळ्यात हजारो मेंढ्या वरच्या कुरणांत शिरत आणि फुलांनी भरलेली कुरणे उजाड करून जात. शेकडो वर्षांची अवाढव्य सिकोया झाडे तोडली जात होती. दरी व सिकोयांचे एक वन १८६४ सालीच राज्याकडे राखण्यासाठी सोपवले होते. पण भोवतालच्या डोंगरांना कोणीच वाली नव्हता. मासिकाचे संपादक रॉबर्ट जॉन्सन १८८९ साली म्यूर यांच्याबरोबर तेथे मुक्कामाला आले. त्यांच्या आग्रहावरून म्यूर यांनी दोन लेख लिहिले. लोकमत जागे झाले आणि १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. १८९२ साली म्यूर व त्यांच्या मित्रांनी सिएरा क्लब ही संस्था स्थापन केली. म्यूर अखेरपर्यंत तिचे अध्यक्ष होते.

१९०३ च्या मे महिन्यात तर नवलच घडले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटीला आले. मेजवान्या आणि समारंभ टाळून त्यांनी म्यूर यांच्यासोबत तीन रात्री उघड्यावर काढल्या. एका रात्री तर त्यांच्या पांघरुणावर बर्फ पडले. शेकोटीपाशी म्यूर त्यांना जंगलाचे महत्त्व पटवून देत होते. १९०६ साली दरी राज्याकडून काढून राष्ट्रीय उद्यानात सामील करण्यात आली. रूझवेल्ट यांनी आपल्या कारकिर्दीत पाच राष्ट्रीय उद्याने आणि पक्ष्यांसाठी ५१ राखीव क्षेत्रे निर्माण केली. म्यूर मात्र त्याच १९०३ साली जगप्रवासाला निघाले. त्या प्रवासात ते भारतातही आले आणि हिमालयातील देवदार वृक्ष पाहून हरखून गेले.

येथे आणखी एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवली पाहिजे. योसेमिटी दरी निर्जन नव्हती. आव्हानीची नावाचे आदिवासी तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८५१ साली सशस्त्र टोळीने त्यांना दरीतून हुसकावले. झाडांसाठी तळमळणाऱ्या म्यूर यांनी या माणसांचे दुःख पुरेसे ओळखले नाही. उलट तरुणपणी त्यांच्याविषयी अनुदार शब्द लिहिले. थोर माणसाचे मोठेपण सांगताना त्याची उणीवही सांगावी, तरच चरित्र खरे होते.

म्यूर यांची शेवटची लढाई हेच हेची नावाच्या दरीसाठी झाली. ही दरी राष्ट्रीय उद्यानाच्या आतच होती आणि योसेमिटीची धाकटी बहीण शोभावी इतकी सुंदर होती. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवे होते. १९०६ च्या भूकंपात व आगीत ते शहर बेचिराख झाल्यावर या मागणीला जोर आला. तहानलेल्या शहराला पाणी मिळाले पाहिजे, हे म्यूर यांनाही मान्य होते; पण ते दुसरीकडून आणता येईल, राखलेली दरी बुडवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. अनेक वर्षे ते लिहीत राहिले, बोलत राहिले. अखेर १९१३ च्या डिसेंबरमध्ये धरणाला मंजुरी देणारा कायदा झाला. वर्षभरानंतर, २४ डिसेंबर १९१४ रोजी, न्यूमोनियाने म्यूर यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले. १९२३ साली धरण पूर्ण झाले आणि दरी पाण्याखाली गेली.

ही लढाई ते हरले. पण राखीव जागा राखायची तर सतत जागे राहावे लागते, हे लोकांना उमगले. १९१६ साली अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांची देखभाल करणारा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. आपल्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ साली हिमालयाच्या पायथ्याशी झाले. आज ते कॉर्बेट यांच्या नावाने ओळखले जाते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले.

म्यूर यांनी खुंट्या रोवलेली ती हिमनदी अजून आहे. अलीकडे शास्त्रज्ञांनी पुन्हा मोजमाप केले, तेव्हाही ती दिवसाला सुमारे एक इंच सरकत होती. मात्र हवामान तापत चालल्यामुळे ती झिजून खूपच लहान झाली आहे. शेजारची लायेल हिमनदी तर सरकायचीच थांबली आहे.

तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी उद्यानात जाल, तेव्हा केवळ वाघ दिसला की नाही एवढेच पाहू नका. पायांखालचा खडक कोणता आहे, ओढा कोठून येतो, उतारावर कोणती झाडे आहेत, हेही पाहा आणि वहीत लिहून ठेवा. म्यूर यांनीही सुरुवात अशीच केली होती.