रोनाल्ड फिशर : उत्पादनवाढ खरी की योगायोगाची, हे तपासायला शिकवणारा शास्त्रज्ञ

रोनाल्ड एल्मर फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमध्ये झाला. लहानपणापासून दृष्टी अधू होती. दिव्याच्या उजेडात वाचायला मनाई असल्याने संध्याकाळचे गणित ते कागद-पेन्सिलीविना, डोक्यातल्या डोक्यातच शिकले. केंब्रिजमधून १९१२ मध्ये पदवी घेतल्यावर काही महिने त्यांनी कॅनडात एका शेतावर काम केले. पहिल्या महायुद्धात डोळ्यांमुळे सैन्याने नाकारले, म्हणून शाळेत शिकवले आणि पत्नीसोबत छोटीशी शेतीही केली. शेतीत हात मळलेला संख्याशास्त्रज्ञ तेव्हाही विरळाच होता.

१९१९ मध्ये त्यांच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक लंडनच्या नामांकित प्रयोगशाळेतली, दुसरी रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रातली तात्पुरती. त्यांनी दुसरी घेतली. सुपर फॉस्फेटचे पेटंट घेणाऱ्या जॉन बेनेट लॉज यांनी हे केंद्र १८४३ मध्ये सुरू केले होते. तिथल्या ब्रॉडबाल्क शेतात दरवर्षी गहूच पेरला जाई. कुठल्या पट्ट्याला शेणखत, कुठल्याला रासायनिक खत, तर कुठल्याला काहीच नाही. उत्पादनाच्या आणि पावसाच्या नोंदींची बाडे साचली होती. त्यातून अर्थ काढणे, हे फिशर यांचे काम.

१९२१ मध्ये त्यांनी १३ पट्ट्यांच्या १८५२ ते १९१८ या काळातील नोंदी तपासल्या. वर्षावर्षाचे चढ-उतार हवामानाचे, जमिनीचा कस हळूहळू घटतो तो वेगळा, आणि वर्षानुवर्षे सावकाश होणारे काही बदल या दोन्हींत न बसणारे. या तिसऱ्या गटासाठी त्यांनी तणांकडे बोट दाखवले. खताच्या प्रयोगात तणांचा हिशेब कोणी धरत नव्हते!

मग पाऊस आणि गव्हाचे उत्पादन यांचा संबंध शोधायचे ठरले. अशा संबंधाचे सूत्र मांडण्याच्या पद्धतीला समाश्रयण किंवा रिग्रेशन म्हणतात. इथे एक मोठा सापळा आहे. समजा, २० वर्षांचे उत्पादन आहे आणि शेजारी बारा महिन्यांच्या पावसाचे बारा रकाने मांडले. पावसाचा उत्पादनाशी काडीमात्र संबंध नसला, तरी हे बारा रकाने मिळून उत्पादनातील चढ-उताराचा सरासरी ६३ टक्के भाग जुळवून दाखवतात. नोंदी ६० वर्षांच्या असतील तर निव्वळ योगायोगाने जुळणारा भाग सुमारे २० टक्क्यांवर येतो. रकाने वाढवाल तितके सूत्र जुन्या आकड्यांना चपखल बसते आणि पुढच्या हंगामात तोंडघशी पाडते. भरपूर रकान्यांतून नेमका सर्वात जुळणारा उचलला, तर फसगत आणखी वाढते.

फिशर यांनी म्हणून वर्षभराचा पाऊस कधी किती पडला, हे मोजक्या सहा आकड्यांत बसवले. पावसाने समजावलेला भाग योगायोगाने मिळेल त्यापेक्षा खरोखर जास्त आहे का, हे तपासले. सरासरीहून जास्तीचा पाऊस तिथल्या गव्हाला वर्षाच्या बहुतेक काळात मारकच ठरतो, असे निघाले. (आपल्या कोरडवाहू गव्हाला हा निष्कर्ष लावू नये, तो इंग्लंडच्या ओल्या हवेचा आहे.)

आधी काहीच परिणाम नाही असे धरायचे, मग आकडे त्या गृहीतकाला कितपत जुमानतात ते पाहायचे. ही परिकल्पना चाचणीची रीत. १९२५ च्या त्यांच्या पुस्तकाने ती प्रयोगशाळांत आणि प्रक्षेत्रांवर रुजवली; ५ टक्क्यांची सोयीची मर्यादाही तिथूनच रूढ झाली. ‘एफ’ चाचणीतले हे अक्षर अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्नेडेकर यांनी फिशर यांच्या सन्मानार्थ दिले.

मात्र सदोष मांडणीच्या प्रयोगाला नंतर कितीही गणित लावले तरी तो सुधारत नाही. चांगल्या जमिनीचा कोपरा नव्या वाणाला दिला की निकाल आधीच ठरला. म्हणून प्रत्येक गटात सगळे वाण, त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून, आणि पुनरावृत्त्या पुरेशा, असा आग्रह त्यांनी धरला. माझ्या मते शेतीला त्यांनी दिलेले हे सर्वात मोलाचे.

माणूस तापट होता आणि सगळीकडे बरोबरही नव्हता. माणसांची पैदास निवडून सुधारावी या विचाराचे ते समर्थक होते, आणि १९५० च्या दशकात धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे त्यांनी मानले नाही. तंबाखू उद्योगाचे ते सल्लागार होते, हेही सांगायला हवे.

१९३३ मध्ये त्यांनी रॉथमस्टेड सोडले. पुढे लंडन, केंब्रिज असा प्रवास झाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतही ते महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून आले. २९ जुलै १९६२ रोजी ऑस्ट्रेलियात अॅडलेड येथे त्यांचे निधन झाले. भारतात ही पद्धत कृषी पदवीधरांपर्यंत पोचवण्यात वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या पाठ्यपुस्तकाचा मोठा वाटा आहे.

प्रयोगाच्या तक्त्याखाली ‘सी.डी. ५ टक्के’ असे लिहिलेले दिसते, ते याच कामातून आले. समजा, तिथे २.५ क्विंटल हा आकडा आहे आणि नवा वाण जुन्यापेक्षा १.८ क्विंटलने पुढे आहे. तर तेवढ्या प्रयोगावरून नव्या वाणाला सरस म्हणता येत नाही. जादा दराचे बियाणे घेण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे हा आकडा मागावा. एकाच शेतावरचे, पुनरावृत्ती नसलेले प्रात्यक्षिक असेल तर तो निघतच नाही.