बर्लिनचा अखेरचा सेनापती

हेल्मूट वाइडलिंग हे नाव पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. मला मात्र या माणसाचे मोठे कुतूहल वाटते. १८९१ साली हाल्बरस्टाट येथे जन्मलेला हा तोफखान्याचा जनरल. २२ एप्रिल १९४५ रोजी, माघार घेतल्याच्या संशयावरून हिटलरने त्याला गोळी घालण्याचा हुकूम सोडला. गडी जाब द्यायला थेट हिटलरच्या बंकरमध्ये जाऊन उभा राहिला, आणि दुसऱ्याच दिवशी बर्लिनच्या रक्षणाचा भार त्याच्याच गळ्यात पडला!

रशियन फौजांचा वेढा आवळत होता. आणि याच्या हाताशी सैन्य ते कसले? मोडकळलेल्या तुकड्यांतले सुमारे ४५,००० सैनिक आणि लोकसेनेचे सुमारे ४०,००० लोक. त्यांत साठीला टेकलेले आजोबा. जोडीला हिटलर युवक संघटनेची शाळकरी पोरे. नोर्डलांड डिव्हिजनमध्ये डेन व नॉर्वेजियन, शिवाय काहीशे फ्रेंच एसएस सैनिक. मायदेशी परतल्यास देशद्रोहाचा खटला अटळ, म्हणूनच हे परके अखेरपर्यंत झुंजले असावेत, असे मला वाटते.

वेढा फोडून निसटण्याची योजना वाइडलिंगने मांडली. हिटलरने ती फेटाळली. ३० एप्रिलला हिटलरने आत्महत्या केली. वाइडलिंग शरण गेला तो २ मे रोजी. मधले दिवस त्या पोरांना फार महाग पडले. तो स्वतः १९५५ साली रशियात, व्लादिमीरच्या तुरुंगात वारला.