बर्ट्रम ब्रॉकहाउस: रेडिओ दुरुस्तीपासून अणूंच्या थरथरीपर्यंत

आज आपण मोबाईल दुरुस्तीला टाकतो, तसे १९३० च्या दशकात लोक रेडिओ टाकायचे. १९१८ साली कॅनडातल्या लेथब्रिज गावी जन्मलेले बर्ट्रम ब्रॉकहाउस तरुणपणी हेच काम करायचे. युद्धात नौदलात गेले, तिथे सोनारची यंत्रं सांभाळली. कॉलेज त्यानंतर. टोरांटोहून डॉक्टरेट घेऊन १९५० मध्ये ते चॉक रिव्हरच्या अणुसंशोधन केंद्रात रुजू झाले.

तिथे एनआरएक्स नावाची अणुभट्टी होती आणि तिच्यातून न्यूट्रॉनचा झोत मिळायचा. आता तुम्ही म्हणाल, एक्स-रे असताना न्यूट्रॉन कशाला? तर गंमत अशी. घन पदार्थातले अणू जागच्या जागी सतत थरथरत असतात. एक्स-रेची ऊर्जा या थरथरीच्या लाखो पट असते, त्यामुळे टक्कर झाली तरी त्यात पडलेला फरक कळतच नाही. ट्रकवर वाटाणा आपटल्यासारखं! अणुभट्टीतल्या मंद न्यूट्रॉनची ऊर्जा मात्र थरथरीच्याच तोडीची. टकरीआधी किती होती आणि नंतर किती उरली, एवढं मोजलं की अणूंची हालचाल समजते.

पण मोजायचं कसं? ब्रॉकहाउसनी यंत्र बनवलं: ट्रिपल ॲक्सिस स्पेक्ट्रोमीटर. पहिला स्फटिक झोतातून एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन निवडतो, ते नमुन्यावर आदळतात, आणि विखुरलेल्यांची ऊर्जा दुसरा स्फटिक तपासतो. तिन्ही ठिकाणचे कोन हवे तसे फिरवता येतात. आजही जगभरच्या न्यूट्रॉन केंद्रांत याच तत्त्वावरची यंत्रं चालतात. रेडिओवाल्याचा हात, दुसरं काय!

हे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. डिसेंबर १९५२ मध्ये एनआरएक्सला मोठा अपघात झाला आणि भट्टी वर्षाहून जास्त काळ बंद पडली. झोतच नाही तर प्रयोग कसला? ब्रॉकहाउस काही महिने अमेरिकेतल्या ब्रुकहेवनला जाऊन काम करत राहिले. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक बिघडला तर दुसरा आणता येतो. अणुभट्टी बिघडली की अख्ख्या देशाचे संशोधक हात बांधून बसतात.

चॉक रिव्हरला बाहेरून शिकायला येणाऱ्यांत आपले पी. के. अय्यंगारही होते. दोघांनी मिळून जर्मेनियमच्या स्फटिकातली थरथर मोजली. परत आल्यावर अय्यंगारांनी ट्रॉम्बेला स्वतःचा गट उभारला. पुढे तिथे कॅनडाच्या मदतीने सायरस भट्टी आली, मग १९८५ मध्ये ध्रुव. ध्रुवच्या झोतांवर आज विद्यापीठांतले संशोधकही प्रयोग करतात, कारण कुठल्याही कॉलेजला स्वतःची अणुभट्टी परवडणार नाही.

१९६२ मध्ये ब्रॉकहाउस मॅकमास्टर विद्यापीठात शिकवायला गेले, १९८४ ला निवृत्त झाले. नोबेल मिळालं ते त्यानंतर दहा वर्षांनी, क्लिफर्ड शल यांच्यासोबत. वय ७६! शल यांनी अणू कुठे बसलेत ते दाखवलं होतं, ब्रॉकहाउसनी ते करतात काय, हे.

२००३ मध्ये ते गेले. चॉक रिव्हरची दुसरी, मोठी भट्टी एनआरयू ३१ मार्च २०१८ ला कायमची बंद झाली. तेव्हापासून मोठ्या झोतासाठी कॅनडाच्या संशोधकांना परदेशातल्या केंद्रांकडे अर्ज करावे लागतात, काही दिवसांची वेळ मिळावी म्हणून. देशातल्या देशात त्यांची मुख्य भिस्त आहे ती मॅकमास्टरच्या आवारातल्या छोट्या भट्टीवर, जी ब्रॉकहाउस तिथे शिकवायला गेले तेव्हाही चालू होती.