स्मिता पाटील

स्मिता शिवाजीराव पाटील (जन्म : पुणे, १७ ऑक्टोबर १९५५, मृत्यू : मुंबई, १३ डिसेंबर १९८६) या मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री होत्या. चित्रपटांत नावारूपाला येण्यापूर्वी त्या मुंबई दूरदर्शन केंद्रावर मराठी बातम्या देत असत. त्यांच्याविषयी लिहिताना हा काळ बहुधा एका ओळीत आटोपला जातो. वस्तुतः महाराष्ट्रातील प्रेक्षकांना त्यांचा चेहरा प्रथम ओळखीचा झाला तो तेथेच.

पार्श्वभूमी

पाटील कुटुंब मूळचे खानदेशातील. वडील शिवाजीराव पाटील हे स्वातंत्र्यसैनिक व काँग्रेसचे नेते असून महाराष्ट्र शासनात मंत्री होते. आई विद्याताई यांनी परिचारिकेचे काम केले व समाजकार्यात भाग घेतला. स्मिता यांचे शालेय शिक्षण पुण्यात झाले. राष्ट्र सेवा दलाशी त्यांचा लहानपणापासून संबंध आला.

वृत्तनिवेदन

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळी येथे सुरू झाले. दूरदर्शन तेव्हा आकाशवाणीचाच एक भाग होते. ते १९७६ मध्ये स्वतंत्र झाले. वाहिनी एकच, चित्र कृष्णधवल आणि संच मोजक्या घरांत. ज्यांच्याकडे संच असे त्यांच्या घरी संध्याकाळी शेजारीपाजारी जमत. त्यामुळे बातम्या देणारी व्यक्ती घरच्या माणसासारखीच परिचित होई. केंद्राच्या आरंभीच्या काळातच स्मिता पाटील तेथे रुजू झाल्या. परिचयातील एका छायाचित्रकाराने काढलेली त्यांची छायाचित्रे केंद्राचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या पाहण्यात आली व त्यावरून त्यांना बोलावणे गेले, असे सांगितले जाते. त्या वेळी त्यांनी वयाची विशीही ओलांडली नव्हती. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या बातम्यांना बसत, ही आठवणही प्रसिद्ध आहे.

वृत्तनिवेदिका म्हणजे बातमीदार नव्हे. बातमी मिळवणे व लिहिणे इतरांचे. तयार मजकूर हातातील कागदावरून थेट प्रक्षेपणात वाचणे तिचे. चूक झाली तर पुन्हा घेण्याची सोय नसते आणि बातमी दुःखाची असली तरी आवाजात रडवेपणा चालत नाही. कॅमेऱ्यासमोरचा हा संयम पुढे त्यांच्या अभिनयातही दिसतो. त्याच केंद्रावर भक्ती बर्वे यांनीही बातम्या दिल्या व रंगभूमी गाजवली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

चित्रपट

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील अरुण खोपकर यांच्या 'तीव्र मध्यम' या लघुपटात त्यांनी काम केले होते. दूरदर्शनवरील बातम्यांत त्यांना पाहिलेल्या श्याम बेनेगल यांनी 'चरणदास चोर' (१९७५) या बालचित्रपटात त्यांना संधी दिली. पाठोपाठ 'निशांत', 'मंथन' आणि 'भूमिका' हे चित्रपट आले. हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावर आधारलेल्या 'भूमिका' (१९७७) साठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रवींद्र धर्मराज यांच्या 'चक्र'मधील झोपडपट्टीतील स्त्रीच्या भूमिकेने तो त्यांना दुसऱ्यांदा मिळवून दिला.

मराठीत जब्बार पटेल यांच्या 'सामना'त त्यांची लहान भूमिका होती. 'जैत रे जैत'मध्ये त्यांनी ठाकर समाजातील चिंधी साकारली. मात्र मराठी प्रेक्षकांच्या मनात त्या राहिल्या त्या 'उंबरठा' (१९८२) मुळे. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटातील सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षिका होण्यासाठी घर सोडते आणि परतल्यावर तिला त्या घरात जागा उरलेली नसते. याच सुमारास 'शक्ती' व 'नमक हलाल' यांसारखे व्यावसायिक हिंदी चित्रपटही त्यांनी केले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

मृत्यू

अभिनेते राज बब्बर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांना मुलगा झाला. प्रसूतीनंतर उद्भवलेल्या आजारातून त्या सावरू शकल्या नाहीत. पंधरा दिवसांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला' त्यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटसृष्टीच्या शताब्दीनिमित्त २०१३ मध्ये काढलेल्या टपाल तिकिटांच्या मालिकेत त्यांच्या नावाचे तिकीट आहे.