झेंडेवाला आर्ची

साल १९२९. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं सेंट लुईस शहर. शहराबाहेरच्या लॅम्बर्ट फील्ड नावाच्या विमानतळावर रोज सकाळी एक तरुण एकचाकी ढकलगाडी घेऊन यायचा. आपल्याकडे बांधकामावर वाळू-सिमेंट वाहतात ना, अगदी तशीच. गाडीत काय? एक खुर्ची, पाणी, दुपारचं जेवण, एक वही आणि दोन झेंडे. उन्हाळ्यात गाडीला एक मोठी छत्री बांधलेली असायची. मैदानाच्या टोकाशी गाडी लावायची, छत्री उघडायची, की झालं ऑफिस सुरू!

मित्रांनो, आज उंच काचेच्या टॉवरमध्ये, रडारच्या स्क्रीनसमोर जे काम चालतं, ते काम हा मुलगा तिथे छत्रीखाली बसून करत होता. त्याचं नाव आर्ची लीग. तो अमेरिकेतला पहिला एअर ट्रॅफिक कंट्रोलर मानला जातो. (काही ठिकाणी त्याला जगातला पहिला म्हणतात, पण ते तितकंसं बरोबर नाही. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० सालीच टॉवर होता.)

आर्चीचा जन्म १९०७ चा. म्हणजे राइट बंधूंचं पहिलं विमान उडाल्यानंतर फक्त चार वर्षांनी. तो स्वतः पायलट होता आणि मेकॅनिकसुद्धा. त्या काळी अमेरिकेत गावोगाव फिरून विमानांच्या कसरती दाखवणारे फ्लाइंग सर्कसवाले असायचे. आर्चीनेही तसल्या कसरती केल्या. म्हणजे विमानाच्या सीटवर बसलेल्या माणसाला काय दिसतं आणि मुख्य म्हणजे काय दिसत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. पुढे त्याला हेच कामाला आलं.

पण सेंट लुईसला अशा माणसाची गरज का पडली? त्याचं एक कारण चार्ल्स लिंडबर्ग. अटलांटिक महासागर एकट्याने, न थांबता ओलांडणारा हा पायलट आधी लॅम्बर्ट फील्डवरून टपालाचं विमान चालवायचा. १९२७ मधल्या त्या उड्डाणासाठी पैसे सेंट लुईसच्या लोकांनी दिले आणि विमानालाही शहराचंच नाव होतं. त्यानंतर अमेरिकेत विमानांचं जे वेड पसरलं ते विचारू नका. लॅम्बर्ट फील्डवर टपालाची विमानं, प्रवासी विमानं, हौशी पायलट सगळ्यांचीच गर्दी व्हायला लागली. बहुतेक विमानांत रेडिओ नाही. येणाऱ्याने वाऱ्याची दिशा बघायची आणि जागा दिसेल तिथे उतरायचं.

आता इथे एक गोष्ट समजून घेऊ. मला आधी वाटायचं की आकाश एवढं मोठं, पायलटने नीट डोळे उघडे ठेवले तर टक्कर होईलच कशी? पण विमानतळाजवळ आकाश मोठं राहतच नाही. सगळ्यांना एकाच जागी उतरायचं असतं, त्यामुळे सगळे एकाच दिशेने, खाली खाली येत असतात. समजा एक विमान वर आहे आणि दुसरं बरोबर त्याच्या खाली. वरच्या पायलटला त्याच्या स्वतःच्याच विमानाच्या नाकामुळे आणि पंखांमुळे खालचं दिसत नाही. खालच्याच्या डोक्यावर पंख असेल तर त्याला वरचं दिसत नाही. दोघेही निवांत, दोघेही आपल्या जागी बरोबर आणि दोघांमधलं अंतर मात्र कमी होत चाललंय!

दुसरी गंमत त्याहून भयानक आहे. दोन विमानं सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने टक्करीच्या मार्गावर असतील तर समोरचं विमान काचेवर सरकताना दिसत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखं थांबलेलं दिसतं आणि हळूहळू मोठं होतं. आपला डोळा हलणारी वस्तू पटकन पकडतो, थांबलेली नाही. दोन विमानं समोरासमोर प्रत्येकी ताशी ५०० किलोमीटरने येत असतील तर मधलं ३ किलोमीटर अंतर साधारण ११ सेकंदांत संपतं. तेवढ्यात बघायचं, ओळखायचं, ठरवायचं आणि विमान वळवायचं.

म्हणून तिसरा माणूस लागतो. जो विमानात नाही, जमिनीवर आहे आणि ज्याला दोघेही दिसतात. आर्ची तो तिसरा माणूस होता. सेंट लुईस शहराने त्याला यासाठीच नोकरीवर ठेवलं. चौकटीचा झेंडा म्हणजे ये किंवा जा, लाल झेंडा म्हणजे थांब. बस, एवढीच सिस्टिम! हिवाळ्यात तो जाड, कापूस भरलेला फ्लाइंग सूट घालून उभा राहायचा.

पण या सिस्टिमचा एक वीक पॉइंट होता. पायलटने झेंड्याकडे बघितलं पाहिजे आणि बघून ऐकलं पाहिजे. झेंडा कुणाचा हात धरून थांबवू शकत नाही.

पुढे लॅम्बर्ट फील्डवर रेडिओ असलेला टॉवर उभा राहिला आणि आर्ची ढकलगाडी सोडून तिथे गेला. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतून त्याने एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची डिग्रीही घेतली. म्हणजे आपल्याच जमातीतला! १९३७ मध्ये तो विमान वाहतूक बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्यात रुजू झाला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात पायलट होता आणि कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचला. युद्धानंतर परत त्याच कामावर.

त्या काळात हे खातं वाढलं, पण दुःखाची गोष्ट अशी की ते बहुतेक वेळा अपघातानंतरच वाढलं. ३० जून १९५६ ला ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं आदळली, १२८ माणसं गेली. त्यानंतर १९५८ मध्ये आज एफएए नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. १६ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कवर दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरायला निघालेली विमानं धडकली. जमिनीवरचे धरून १३४ जण मेले. त्यानंतर विमानतळाजवळच्या वेगावर मर्यादा आली. आर्ची एफएएमध्ये एअर ट्रॅफिक सर्व्हिसच्या संचालकपदापर्यंत चढला. १९७३ मध्ये तो रिटायर झाला आणि १९८६ मध्ये वारला. ढकलगाडीपासून कॉम्प्युटरपर्यंतचा सगळा प्रवास एकाच माणसाच्या नोकरीत बसला!

आर्ची गेल्यावर दहा वर्षांनी आपल्या देशात ते घडलं. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. सौदी अरेबियाचं जम्बो जेट दिल्लीहून निघालेलं आणि कझाकस्तानचं विमान दिल्लीला उतरायला येत असलेलं. येण्याजाण्याचा मार्ग एकच. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, समोरून विमान येतंय हेही सांगितलं होतं. तरी ते खाली उतरलं. ३४९ जण गेले, दोन्ही विमानांतलं कुणीच वाचलं नाही. लाल झेंडा दाखवला होता, पण तो पोचला नाही.

त्यानंतर दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे केले गेले आणि विमानात टीकॅस नावाचं यंत्र सक्तीचं झालं. ते आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरला विचारत राहतं आणि धोका वाटला तर एका पायलटला वर जा, दुसऱ्याला खाली जा असं सांगतं. म्हणजे आर्चीचे दोन झेंडे आता कॉकपिटमध्येच आलेत. आणि इथेही अट तीच आहे, सांगितलेलं ऐकलं पाहिजे.

आर्चीने आयुष्यात किती टकरी टाळल्या? हा आकडा कधीच मिळणार नाही, कारण जे घडलंच नाही त्याची नोंद कोण करणार? विमान सुखरूप उतरलं ही बातमी होत नाही. आज अमेरिकेतल्या कंट्रोलर्सची संघटना आर्चीच्या नावाने पुरस्कार देते, तो मात्र अशाच वाचवलेल्या विमानांसाठी असतो, हे मला फार आवडलं.

आपण उद्या पूल बांधू, सॉफ्टवेअर लिहू, मशीन डिझाईन करू. नीट केलं तर कुणाला कळणारसुद्धा नाही. व्हायवामध्ये कुणी विचारलं की चांगलं इंजिनिअरिंग म्हणजे काय, तर मला आता उन्हात छत्रीखाली बसलेला तो मुलगा आठवेल. वर दोन विमानं, एकमेकांना न दिसणारी. आणि खाली त्याच्या हातात एक लाल झेंडा.